मास्तरांची हजयात्रा

इ. स. २०२४ च्या मे महिन्यांतील गोष्ट. आमच्या दारव्ह्यास उन्हाळ्यांत दुपारीं बारापासून चारपर्यंत कोणी कोणाच्या दारीं जात नाहीं. तसा येथील अलिखित कायदाच आहे. अशा वेळीं वाड्याची कडी वाजली. दार उघडून पाहतों तों मास्तर उभे, डोक्यास ओला रुमाल गुंडाळलेला आणि हातांत कापडी पिशवी.

मास्तर हे माझे शाळासोबती. यवतमाळ जिल्ह्यांतील निरनिराळ्या खेड्यांत पस्तीस वर्षें मुलांना मराठी व गणित शिकवून ते निवृत्त झाले. त्यांची इच्छा नसल्यामुळें त्यांचें नांव येथें दिलेलें नाहीं. एके काळीं त्यांचें आमच्या स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापर्यंत जाणेंयेणें होतें. पुढें तें थांबलें. कां थांबलें हें मला ठाऊक होतें आणि, माझ्या समजुतीप्रमाणें, त्यांना ठाऊक नव्हतें.

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनीं पिशवींतून शंभर पानांची एक शाळकरी वही काढली. तींत रेघा आंखून नांवें लिहिलेलीं होतीं. कांहीं नांवांपुढें रकमा, कांहींपुढें नुसतीं टिंबें. “काकूंना बोलावतां काय?” ते म्हणाले. “महिन्याच्या अखेरीस आम्ही दोघें हजला निघतों. त्याआधीं ही वही संपवायची आहे.”

माझी आई शहाऐंशी वर्षांची. ती बाहेर येऊन बसली तेव्हां मास्तरांनीं वहीचें एक पान तिच्यापुढें धरलें. तेथें माझ्या कैलासवासी वडिलांचें नांव होतें आणि पुढें आंकडा होता १५०. १९७९ सालीं मास्तर शिक्षकाच्या पदविकेसाठीं यवतमाळास राहावयास गेले तेव्हां वडिलांनीं त्यांना पांचशें रुपये उसने दिले होते. साडेतीनशें त्यांनीं फेडले. उरलेले दीडशें घेऊन आले तेव्हां वडील म्हणाले, “राहूं दे.” आतां ‘राहूं दे’ याचा अर्थ ‘सध्यां राहूं दे’ असाहि होतो आणि ‘सोडून दिले’ असाहि होतो. वडील २००३ सालीं वारले. खुलासा व्हावयाचा राहिला. इतकीं वर्षें ते दीडशें रुपये मास्तरांच्या मनांत अडकून पडले होते.

“अरे, ते त्यांनीं सोडलेलेच होते,” आई म्हणाली.

“काकू, नक्की ठाऊक असेल तर ठीक. नाहीं तर घ्या.”

आईनें क्षणभर विचार केला आणि हात पुढें केला. दीडशें रुपये मोजून घेतले, पदराच्या टोकास बांधले आणि म्हणाली, “आतां कांहीं राहिलें नाहीं. सुखानें जा.” मास्तरांनीं वहींतील त्या ओळीवर रेघ मारली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “भाऊ, माझ्याकडून कळत नकळत कांहीं चुकलें असेल तर माफ करा.” मीं घाईघाईनें “छे, छे, कांहींच नाहीं” असें म्हटलें. तें खरेंच होतें. त्यांच्याकडून कांहीं झालें नव्हतें. झालें होतें तें माझ्याकडून, आणि तें सांगण्यास याहून चांगली वेळ येणार नव्हती. पण मी बोललों नाहीं. ते छत्रीसुद्धां न घेतां उन्हांत निघून गेले. वहींत अजून बरींच नांवें दिसत होतीं.

हज हें इस्लामाच्या पांच मूलभूत कर्तव्यांपैकीं एक. ज्याच्या अंगीं शक्ति व गांठीं पैसा आहे त्यानें जन्मांत एकदां तें करावें असा दंडक आहे. ‘गांठीं पैसा’ म्हणजे तरी कोणता? देणें फेडून व मागें राहणाऱ्या माणसांच्या पोटाची तरतूद करून जो उरेल तो. आपल्याकडेहि काशीस निघणारा पूर्वीं निरवानिरव करूनच निघे. परंतु येथें एक बारकावा आहे, आणि तो मला मास्तरांच्या वहीमुळेंच प्रथम कळला. मुसलमानी धर्मशास्त्रांत अपराधांचे दोन वर्ग मानिले आहेत. कांहीं ईश्वराकडे केलेले व कांहीं माणसांकडे केलेले. पहिल्या वर्गाची क्षमा हजच्या पुण्यानें मिळावी अशी श्रद्धा आहे. दुसऱ्या वर्गांतील बाकी मात्र ज्याची त्यानेंच सोडावी लागते. कोणाचा पैसा बुडविला असेल, कोणाची बेअब्रू केली असेल, तर मक्केस जाऊन अश्रु ढाळण्याचा उपयोग नाहीं. त्याच माणसाच्या दारीं जावें लागतें. म्हणून हजला निघणारा मनुष्य आठवडाभर गांवांत दारोदार हिंडत असतो. आम्ही आजवर तें नुसतें निरोप घेणें समजत आलों.

जाण्याची सिद्धता तशी वर्षभर चालू होती. भारतास दरसाल ठरलेल्या जागा मिळतात. २०२४ सालीं त्या १,७५,०२५ होत्या. त्यांपैकीं १,४०,०२० हज कमिटीमार्फत भरल्या जावयाच्या व बाकीच्या खासगी यात्रा-कंपन्यांमार्फत. अर्ज जागांहून अधिक आले म्हणजे सोडत निघते. तिला ‘कुर्रा’ म्हणतात. पैसे हप्त्यांनीं भरावयाचे. मास्तरांनीं आपल्या निवृत्तीच्या पुंजीस हात घातला. सरकार मुसलमानांचें हजचें भाडें भरतें, असें आपल्यांतील पुष्कळ सुशिक्षित मंडळी अजून ठामपणें सांगतात. तें अनुदान २०१८ सालीं बंद झालें, एवढें त्यांस नम्रपणें कळवितों.

मग मेंदूच्या तापाची लस, वैद्यकीय दाखले आणि यवतमाळास शिक्षणवर्ग. या वर्गांत अंगणाच्या मध्यें काळ्या कापडानें झांकलेली एक पेटी काबा म्हणून ठेवली होती आणि तीभोंवतीं सत्तर-सत्तर वर्षांचे विद्यार्थी फेऱ्या मारण्याचा सराव करीत होते. मास्तर चुकीच्या कोपऱ्यापासून निघाले म्हणून एका तरुण शिक्षकानें त्यांस सर्वांदेखत परत पाठविलें. “पस्तीस वर्षें मीं मुलांना जें केलें त्याची परतफेड त्या दिवशीं झाली,” असें ते हंसत सांगतात.

मास्तरांच्या घराण्यांतील हा पहिला हज नव्हे. त्यांचे आजोबा १९५९ सालीं गेले होते. मास्तरांचा जन्महि त्याच सालचा. आजोबा दारव्ह्याहून शकुंतलेनें मूर्तिजापुरास गेले, तेथून मोठ्या गाडीनें मुंबईस. मुसाफिरखान्यांत कांहीं दिवस काढून मग मोगल लाईनच्या आगबोटीच्या डेकवर त्यांनीं जेद्दा गांठलें. शकुंतला ही आमची अरुंद रुळांची लाडकी गाडी. ती आतां बंद पडली आहे. हजच्या बोटीहि १९९५ सालीं थांबल्या. त्याहून मागील पिढ्यांचे हाल तर विचारूं नयेत. १८८२ पासून पुढें सुमारें सत्तर वर्षें, मुंबईहून जाणाऱ्या यात्रेकरूंस लाल समुद्रांतील कामरान नांवाच्या बेटावर उतरवून, कपडे वाफवून, रोगाच्या भीतीनें दिवसेंदिवस अडकवून ठेवीत. ज्या काळांत समुद्र ओलांडल्याबद्दल आपल्या घरांतून प्रायश्चित्तें घ्यावीं लागत, त्याच काळांत शेजारच्या घरांतील म्हातारीं माणसें धर्मासाठीं समुद्र ओलांडीत होतीं, हें लक्षांत आलें म्हणजे मौज वाटते.

आणखी एक योगायोग. मुसलमानी वर्ष शुद्ध चांद्र असतें. आपल्यासारखा अधिकमास घालून तें ऋतूंशीं जुळवून घेत नाहींत. त्यामुळें हज दरवर्षीं दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारें तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. १९५९ सालीं तो जूनच्या मध्यावर आला होता. दोन फेरे पुरे होऊन २०२४ सालींहि तो जूनच्या मध्यावरच आला. आजोबा ज्या मृगांत अरफातच्या मैदानांत उभे राहिले त्याच मृगांत नातू उभा राहावयाचा होता. मृग म्हणजे आमच्याकडे पेरणीचे दिवस. मास्तरांची पांच एकर जमीन आहे. ती त्या वर्षापुरती भावाकडे सोंपविली.

यापुढील हकीकत ते परत आल्यावर तीन-चार संध्याकाळीं मीं त्यांच्या व भाभींच्या तोंडून ऐकली ती आहे.

नागपुरास विमानाकडे निघण्यापूर्वीं स्नान करून मास्तरांनीं ‘एहराम’ नेसला. एहराम म्हणजे दोन पांढरीं, न शिवलेलीं वस्त्रें. एक कमरेस गुंडाळावयाचें व दुसरें खांद्यावर घ्यावयाचें. डोकें उघडें, पायांत साधी चप्पल. स्त्रियांना निराळें वस्त्र नाहीं. त्या नेहमींच्याच कपड्यांत असतात, फक्त तोंड झांकावयाचें नाहीं. मक्केभोंवतीं कांहीं सीमा ठरलेल्या आहेत. एहरामाशिवाय त्या ओलांडतां येत नाहींत. विमान त्या सीमेवरून आकाशांतच जातें, म्हणून वस्त्र घरूनच नेसून निघावें लागतें व सीमा जवळ आली कीं विमानांत तसें सांगतात. त्यावेळीं सर्वांच्या तोंडीं एकच घोष असतो. त्याचा पहिला शब्द ‘लब्बैक’. त्याचा अर्थ ‘मी हजर आहें’. मास्तर म्हणाले, “भाऊ, आयुष्यभर मीं पट घेऊन दुसऱ्यांची हजेरी घेतली. त्या दिवशीं माझें नांव पुकारलें गेलें असें वाटलें, आणि गळाच दाटून आला.”

एकदां हें वस्त्र अंगावर आलें कीं नियम लागू होतात. केंस तोडावयाचे नाहींत, नखें काढावयाचीं नाहींत, सुगंध लावावयाचा नाहीं (साबण देखील बिनवासाचा), शिकार करावयाची नाहीं, आणि भांडण करावयाचें नाहीं. शेवटचा नियम सर्वांत कठीण असें भाभींचें मत पडलें. कारण पहिलाच प्रसंग सामानाचा होता आणि सगळ्यांच्या बॅगा एकाच रंगाच्या होत्या.

आपल्या वाचकांस येथें सोंवळ्याची आठवण झाल्याशिवाय राहणार नाहीं. मलाहि झाली. परंतु आपलें सोंवळें माणसास इतरांपासून वेगळें काढतें. एहरामानें, मास्तरांच्या शब्दांत सांगावयाचें तर, कलेक्टर कोण आणि कापूस वेंचणारा कोण हें ओळखूं येईनासें होतें. मीं त्यावर कांहीं बोललों नाहीं.

काब्याचें दर्शन प्रथम होतांच जी प्रार्थना करावी ती फळास जाते असा समज आहे. त्यासाठीं मास्तरांनीं निघण्यापूर्वीं आणखी एक यादी केली होती. कोणाच्या मुलाची नोकरी, कोणाच्या मुलीचें लग्न, कोणाचें बायपास. माझ्या आईनें सांगितलें होतें, “पाऊस माग, वेळेवर, आणि बेतानें.” प्रत्यक्षांत खालीं मान घालून ते आंत गेले, खूण होतांच मान वर केली आणि ती काळी चौकोनी वास्तु डोळ्यांसमोर आली तेव्हां यादींतील एकहि नांव आठवेना. “कोरी पाटी,” ते म्हणाले. “नुसता उभा राहिलों. कुणीतरी मागून ढकललें तेव्हां भान आलें.”

मग ‘तवाफ’, म्हणजे सात प्रदक्षिणा. या प्रदक्षिणेंत दोन गोष्टी आपल्या दृष्टीनें मोठ्या कुतूहलाच्या आहेत. पहिल्या तवाफाच्या वेळीं पुरुष अंगावरील वस्त्र उजव्या कांखेखालून घेऊन डाव्या खांद्यावर टाकतात व उजवा खांदा उघडा ठेवतात. म्हणजे आपण सव्य करून उपरणें घेतों अगदीं तसेंच. उलटपक्षीं आपण देवास उजवें घालून फिरतों, तर ते काब्यास डाव्या हाताकडे ठेवून, घड्याळाच्या कांट्याच्या उलट फिरतात. प्रदक्षिणा ज्या कोपऱ्यापासून मोजावयाची तेथें तो प्रसिद्ध काळा दगड बसविलेला आहे. त्याचें चुंबन घेणें पुण्याचें, पण आवश्यक नव्हे. गर्दींत दुरून हात उंचावला तरी चालतो. मुसलमान त्या दगडाची पूजा करतात असा आपल्याकडे गैरसमज आहे. दुसरे खलीफा उमर यांनीं, तूं दगड आहेस, तुझ्यानें कोणाचें बरेंवाईट होत नाहीं, अशा अर्थाचे शब्द त्या दगडासच ऐकविले होते, ही गोष्ट मास्तरांनीं मला सांगितली.

सात फेऱ्या म्हणजे कांहींच नाहीं असें वाटतें, पण लाखों माणसांच्या भोंवऱ्यांत आंकडा विसरतो. गणिताच्या मास्तरांचा चौथ्या कीं पांचव्या फेरींत घोटाळा झाला आणि भाभींच्या हातांत सात मण्यांची दोरी होती म्हणून निभावलें. ही गोष्ट भाभींनीं सांगितली. मास्तर त्यावेळीं खिडकींतून बाहेर पाहत होते.

नंतर येते ‘सई’. सफा व मरवा या दोन लहान टेकड्या. त्यांच्या मधील अंतर सुमारें साडेचारशें मीटर. सफापासून मरवापर्यंत एक, परत येतांना दोन, अशा सात खेपा घालावयाच्या. म्हणजे तीन किलोमीटरांहून अधिक चाल झाली. ही चाल कोणाची? इब्राहीमची पत्नी हाजरा, हिला तान्ह्या इस्माईलसह त्या उजाड दरींत ठेवून इब्राहीम निघून गेला. मशकांतलें पाणी संपलें. मूल तहानेनें तडफडूं लागलें. तेव्हां ती माउली एका टेकडीवरून दुसरीवर, कोठें काफिला दिसतो काय, कोठें पाणी दिसतें काय, म्हणून सात वेळां धांवली. आणि शेवटीं मुलाच्या पायांपाशीं झरा फुटला. तोच जमजम. तेथें आतां संगमरवरी, थंड हवेचा, मजल्यांचा मार्ग आहे. जेथें ती सखल भागांत मूल दिसेनासें होऊन धांवली तेवढ्या अंतरावर हिरवे दिवे लावले आहेत व तेथें पुरुषांनीं धांवावयाचें असतें.

भाभी एरवीं फारशा बोलत नाहींत. पण येथें त्या आपण होऊन बोलल्या. २०१८ च्या उन्हाळ्यांत यवतमाळ शहरास पाणी देणारीं निळोणा व चापडोह हीं धरणें तळास गेलीं होतीं, तेव्हां त्या बाळंत मुलीकडे यवतमाळास होत्या. नळ पंधरा-पंधरा दिवस येत नव्हता. घरांत वीस दिवसांचें मूल. टँकर कोठें आला असें कोणी सांगितलें कीं दोन घागरी घेऊन त्या गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत, आणि पुष्कळदां तो निघून गेलेला असे. “हिरव्या दिव्यांपाशीं आलों,” त्या म्हणाल्या, “तर सगळे पुरुष धांवायला लागले. आणि आम्हां बायकांना सांगितलेलें, तुम्ही चालायचें. मी चालत होतें आणि मनांत म्हणत होतें, धांवली ती तर बाईच होती ना? मला रडूं यायला लागलें. बाजूची एक बाई, कुठल्या देशाची होती कोण जाणे, तिनें माझा हात धरला. सातवी खेप होईपर्यंत तिनें सोडला नाहीं. एक शब्द आम्हांला एकमेकींचा कळत नव्हता.”

सई झाल्यावर पुरुषांनीं केंस उतरावयाचे, स्त्रियांनीं बोटाच्या पेराएवढी बट कापावयाची, म्हणजे ‘उमरा’ पुरा झाला. आपल्याकडील बहुतेक यात्रेकरू असा उमरा आधीं करून एहराम सोडतात व हजचे दिवस आले कीं पुन्हां नेसतात. खरा हज पांच-सहा दिवसांचाच. जिल्हेज महिन्याच्या आठव्या तारखेस मक्केजवळच्या मिना येथील तंबूंत जावयाचें. नवमीस अरफातचें मैदान. तेथें माध्यान्हापासून सूर्यास्तापर्यंत असणें हाच हजचा गाभा. बाकीचें कांहीं चुकलें तर त्याला उपाय आहे, अरफात चुकलें तर त्या वर्षींचा हज नाहीं. म्हणून इस्पितळांतील रोग्यांसहि गाडींत घालून तेथें नेतात.

२०२४ सालीं हा दिवस १५ जून रोजीं आला. त्या साली १८,३३,१६४ यात्रेकरू होते. यवतमाळच्या माणसास ऊन म्हणजे काय तें सांगावयास नको. परंतु मास्तर म्हणतात कीं आपलें ऊन डोक्यावरून येतें, तेथील जमिनींतून, भिंतींतून, माणसांच्या अंगांतून येतें. त्यांनीं एक गोष्ट पाहिली आणि त्यांचा जीव थोडा निवाला. त्या मैदानांत हजारों झाडें लावलेलीं आहेत, आणि तीं झाडें आहेत कडुनिंबाचीं! दारव्ह्याच्या शाळेपुढें आहे तसाच कडुनिंब. मास्तर तंबू सोडून एका निंबाखालीं जाऊन उभे राहिले, खिशांतून चुरगळलेली यादी काढली आणि एकेक नांव वाचून, सर्वांसाठीं मागणें मागितलें. माझ्या आईच्या पावसापर्यंत येतां येतां सूर्य मावळतीस लागला होता.

सूर्यास्तानंतर मुजदलिफा. तेथें तंबू नाहीं, छप्पर नाहीं. उघड्या आभाळाखालीं चटई पसरून रात्र काढावयाची आणि खडे वेंचावयाचे. खडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा, मोठा नको. ईश्वराज्ञेनें पुत्राचा बळी देण्यास निघालेल्या इब्राहीमास सैतानानें तीन जागीं अडविलें, त्या तीन जागांवर हे खडे मारावयाचे असतात. पहिल्या दिवशीं सात, पुढें रोज एकवीस; बारा तारखेस परतणाऱ्यास एकूण एकोणपन्नास लागतात. पूर्वीं तेथें खांब होते, २००४ पासून लांबट भिंती आहेत. २००६ च्या चेंगराचेंगरींत तीनशेंहून अधिक माणसें गेल्यावर जुना पूल पाडून मजल्यांचा नवा पूल बांधला. इतकें करूनहि २०१५ सालीं मिनाच्या रस्त्यावर पुन्हां शेंकडों माणसें चिरडलीं गेलीं. मास्तरांना तेथें लोक जोडे व छत्र्या फेंकून मारतांना दिसले. सैतान आपल्यापुढें खरोखरच उभा आहे अशी त्यांची समजूत असावी.

खडे, मग बळी, मग मुंडण, असा क्रम आहे, आणि भारतांतील बहुतेक मुसलमान ज्या हनफी मताचे आहेत त्यांत हा क्रम मोडला तर दंडाचा दुसरा बळी द्यावा लागतो. बळीचा विषय आमच्या घरांतून सहजपणें बोलला जाणारा नव्हे, हें मी लपवीत नाहीं. हल्लीं तेथें चिठ्ठी विकत घेतात, बळी दुसरीकडे दिला जातो व मांस गरिबांकडे पोंचतें. यात्रेकरूस तें दृष्टीस पडत नाहीं. त्यामुळें एक नवीच पंचाईत उत्पन्न झाली आहे. आपल्या नांवाचा बळी झाला कीं नाहीं हें कळेपर्यंत न्हाव्यापुढें बसतां येत नाहीं. मास्तर त्या दिवशीं फोन हातांत धरून सहा तास वाट पाहत बसले. क्रमाविषयींची ही धास्ती, आमचे उपाध्याय एक आचमन चुकलें तर जी मुद्रा करतात ती पाहिलेल्यांस समजावून सांगण्याचें कारण नाहीं. पुढचा काब्याचा मोठा तवाफ, पुन्हां सई, आणखी दोन दिवस खडे व निघतांनाचा निरोपाचा तवाफ, हें सर्व त्यांनीं एका दमांत सांगून टाकलें. मदिनेच्या मुक्कामाची हकीकत मात्र दोन संध्याकाळी पुरली. ती पुन्हां कधीं.

हे दिवस मीं इकडे कसे काढले तें मलाच ठाऊक. १७ जूनला मक्केच्या मशिदींत ५१.८ अंश उष्णता नोंदली गेली आणि त्यानंतर मृत्यूंच्या बातम्या येऊं लागल्या. सौदी सरकारनें शेवटीं १,३०१ हा आंकडा जाहीर केला. त्यांतील बहुतेक परवान्याशिवाय, पायीं आलेले होते. भारतीयांचा आंकडा २१ तारखेस ९८ सांगण्यांत आला. मास्तरांचा फोन लागत नव्हता. वर्तमानपत्र हातीं आलें कीं मी तें अंगणांतच उघडीत असें, आणि आई आंतून विचारी, “काय रे, आपला आहे ना ठीक?” तेव्हां सत्तावीस दिवसांपूर्वीं ओसरीवर उभा राहून जें मीं म्हटलें नाहीं तें माझ्या घशाशीं येई.

तें असें. १९९८ सालीं मास्तरांची बदली दारव्ह्यास झाली. आमच्या वाड्यांतील रस्त्याकडील दोन खोल्या रिकाम्या होत्या. त्यांनीं वडिलांकडे मागितल्या आणि वडिलांनीं होकार दिला. मीं मात्र हट्ट धरला कीं देऊं नयेत. कारणें मीं पुष्कळ सांगितलीं, त्यांतील खरें कारण एकच होतें, आणि तें तोंडानें न बोलण्याइतपत शिक्षण माझें झालेलें होतें. वडिलांना न विचारतां मीं निरोप पाठविला कीं खोल्या दिल्या गेल्या आहेत. त्या पुढें दोन वर्षें कुलूप लावलेल्या होत्या. मास्तर गांवाबाहेर घर घेऊन राहिले आणि रोज सकाळीं त्या कुलपावरून सायकलनें शाळेस जात.

जुलैंत मास्तर परत आले. डोकें तुळतुळीत, वजन आठ किलो उतरलेलें, पण आवाज तोच. हाजी घरांत पाऊल ठेवण्यापूर्वीं त्याच्याकडून दुवा घ्यावी अशी चाल असल्यानें दारापुढें गर्दी होती. मी दोन दिवसांनीं गेलों. प्रत्येक यात्रेकरूस विमानतळावर जमजमचें पांच लिटर पाणी मिळतें. भाभी तें लहान लहान बाटल्यांत भरीत बसल्या होत्या. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनीं सत्तावनच्या धामधुमींतून गंगेची कावड घरीं आणली त्या प्रवासाची मला आठवण झाली. आमच्या आईसाठींहि एक बाटली बाजूला काढलेली होती. (आईनें पुढें घोटभर पिऊन, “खारट लागतें, आपल्या बोअरसारखें,” असा अभिप्राय दिला आणि बाटली देवघरांत ठेवली.) भाभींनीं दोघांचीं कफनाचीं वस्त्रें त्या पाण्यांत भिजवून, वाळवून आणलीं होतीं, तीं त्यांनीं मला घडी उलगडून दाखविलीं.

भाभी चहा करावयास आंत गेल्या तेव्हां मीं मास्तरांस १९९८ ची गोष्ट सांगितली. सर्व सांगितली, खरें कारणहि. सांगतांना त्यांच्याकडे पाहण्याचें धैर्य मला झालें नाहीं.

मास्तर बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग उठून कपाटांतून ती शंभरपानी वही काढली आणि माझ्यापुढें उघडून धरली. माझ्या नांवापुढें रक्कम नव्हती, टिंब होतें. “ठाऊक होतें,” ते म्हणाले. “तुमच्या बाबांनींच सांगितलें होतें, त्याच आठवड्यांत. फार वाईट वाटलें होतें त्यांना. माझ्या मनांत तुमच्याविषयीं जें आलें त्याची माफी मीं तुमच्याकडे मागितली होती त्या दिवशीं. तुम्ही म्हणालां, कांहींच नाहीं.”

चहा आला. आम्हीं तो घेतला. निघतांना जोडे घालीत होतों तेव्हां मास्तरांनीं विचारलें, “त्या खोल्या सध्यां रिकाम्या आहेत काय? माझा भाचा तलाठी आहे. त्याची पुढच्या महिन्यांत इकडे बदली होते आहे.”

खोल्यांत गहूं व जुनीं पुस्तकें भरलेलीं होतीं. तीं हलवून, ओल आलेल्या भिंतीस गिलावा करून घेण्यांत श्रावण संपला. भाडें किती घ्यावें हें आईनें ठरविलें आणि पहिल्या महिन्याच्या पैशांतून दीडशें रुपये वजा करून घेतले नाहींत, कारण तें खातें मे महिन्यांतच मिटलें आहे, असें तिनें भाच्यास बजावून सांगितलें.